उन्हाळा काढलेलं मशीन

धुळ्याच्या एका व्यापाऱ्याने बारा जुने कॉम्प्युटर विकताना मला फसवलं, आणि त्याची शिक्षा मी जळगावच्या एका म्हाताऱ्याला दिली. घडलं ते एवढंच. बाकी लिहितोय ते त्या म्हाताऱ्याबद्दल.

त्यांना सगळे आबा म्हणत. भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, रिक्षाथांब्यासमोर त्यांचं दुकान होतं. खाली दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या, वर गच्चीवर पत्र्याची खोली. पुण्या-मुंबईच्या कंपन्या आपले कॉम्प्युटर तीन-चार वर्षं वापरून काढून टाकतात. मग कोणीतरी ते लॉटने घेतो, उघडतो, साफ करतो, बिघडलेलं बदलतो आणि पुन्हा विकतो. हा धंदा करणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. आबांसारखा एकही नव्हता. कारण आलेला माल एक उन्हाळा पाहिल्याशिवाय आबा विकतच नसत.

त्यांची पद्धत अशी होती. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी वरच्या पत्र्याच्या खोलीत सगळी मशीनं ओळीने मांडायची, चालू करायची आणि मृग लागेपर्यंत बंद करायची नाहीत. पंखा नाही, कूलर नाही. मे महिन्यात भर दुपारी त्या खोलीत पाऊल टाकलं की डोळ्यांच्या कडा भाजल्यासारख्या व्हायच्या. आबा तिथेच बनियनवर, डोक्यावर ओला पंचा टाकून बसायचे. मधूनमधून उठून एकेका मशीनच्या पाठीवर पालथा हात ठेवायचे, ताप बघतात तसा. खाली दुकानात येऊन बसा म्हटलं तर म्हणायचे, "जठे मशीन, तठे मी." आबा मूळचे धुळ्याकडचे, त्यामुळे बोलणं सगळं अहिराणी. कंपन्यांतून आलेल्या मशीनांबद्दल ते सांगायचे, "पुन्याना एसीमा वाढेल शेतस ह्या. यासले आपला उन्हाया दखाडनं पडस."

आमचा उन्हाळा बघून काही मशीनं मरायचीच. मेलेलं मशीन आबा स्वतः कडेवर घेऊन जिना उतरायचे. जी जगली, त्यांच्या डाव्या कुशीवर गेरूत बुडवून उजव्या अंगठ्याचा ठसा द्यायचे. म्हणजे ते झालं 'उन्हाळा काढलेलं मशीन'. जिल्ह्यातल्या कॉम्प्युटर क्लासवाल्यांमध्ये हा शब्द चालायचा. एखाद्याने नवी बॅच सुरू केली की दुसरा विचारायचा, "मशीनं उन्हाळा काढलेली आहेत ना?" हो म्हटलं की पुढचं विचारायची गरज नसे. गॅरंटीचा कागद आबांनी कधी कोणाला दिला नाही आणि कोणी मागितला नाही.

तो अंगठाही साधा नव्हता. कधीकाळी कूलर दुरुस्त करताना पंख्याचं पातं त्यावरून गेलं होतं. पेरावर आडवी खाच होती. ठसा उमटला की मधोमध एक कोरी रेघ राहायची. मी तो अंगठा शंभर वेळा पाहिला असेल. बिडी शिलगावताना, स्क्रू पिळताना, बशीतला चहा पिताना. एवढं लक्षात ठेवा.

आता माझ्याबद्दल. मी नशिराबादचा. रावेरला केळीच्या गाड्या भरून सुरुवात केली. मग एक झेरॉक्स मशीन, मग हायवेलगत ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान, मग कॉम्प्युटर क्लास. मला बापाने दिलं नाही, सासऱ्याने दिलं नाही, बँकेने तर दारातही उभं केलं नाही. म्हणून दुकानदार सांगेल त्या किमतीला मी आजवर काहीही घेतलेलं नाही, लग्नातला शालूसुद्धा. आणि माझं डोकं लवकर तापतं, हे माझ्या बायकोपासून माझ्या विद्यार्थ्यांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

असा मी पहिल्यांदा आबांकडे गेलो तेव्हा मला एकच मशीन हवं होतं. मी विचारलं, "कितीला?"

"पहिले त्यानं दुखनं आयकी ले," आबा म्हणाले. किंमत सांगायच्या आधी ते मशीनचा दोष सांगायचे. या मशीनची एक यूएसबीची जागा मेली होती आणि पंखा गुरगुरायचा. मला वाटलं, व्वा, स्वतःच भाव पाडून देतोय म्हातारा. किंमत ऐकली आणि निम्म्याने सांगितली.

आबांनी पेचकस उचलला, मशीन उघडलं, आतली एक मेमरीची पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. "आते दोनशे कमी."

मी म्हटलं, "आबा, चेष्टा नको. आणखी कमी करा."

त्यांनी पंखा काढला. मी आवाज चढवला. त्यांनी डीव्हीडी काढली. मी म्हटलं, समोरच्या गल्लीत याच्या अर्ध्या किमतीत मिळतं. त्यांनी हार्ड डिस्क काढली. समोरचे रिक्षावाले उतरून बघायला आले. एक जण म्हणाला, "भाऊ, अजून ताणा, स्क्रू फुकट सुटतील." शेवटी मी सांगितलेल्या किमतीला आबांनी होकार दिला आणि रिकामा पत्र्याचा डबा माझ्यापुढे सरकवला. मी तो खरंच घेऊन गेलो. रागात माणूस काय करेल सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन परत आलो, पहिली किंमत मोजली आणि सगळं आत बसवून घेतलं. आबा हसले नाहीत. बशी माझ्यापुढे करून म्हणाले, "च्या पी." ते मशीन आजही माझ्या बायकोच्या शिवणकामाच्या टेबलावर चालतं.

आणि हाच माणूस गिऱ्हाईक परत पाठवायचा. एकदा मी बसलेलो असताना असोद्याचे एक शेतकरी आले. मुलगी कॉलेजला होती, तिच्यासाठी जुना कॉम्प्युटर हवा होता. आबांनी विचारलं, ठेवणार कुठे? छप्पर स्लॅबचं की पत्र्याचं? लाइट कशी असते? त्या माणसाला नीट सांगता येईना. तर आबा दुकानाचं शटर ओढून त्याच्याबरोबर बसने असोद्याला गेले. संध्याकाळी परत आले ते मान हलवत. "तेना घरमा लाइट नाचस," म्हणाले. "जुनं मशीन टिकाव नई. तेले सांगं, नवं ले, हप्त्यावर ले, मन्हाकडून लेऊ नको." बसचं भाडंही पदरचं. मी कपाळाला हात लावला. मला वाटायचं, धंद्याची अक्कल नसलेला माणूस आहे हा. मला वाटायचं, याच्या दुकानात मी बसलो असतो तर जळगावात दोन मजली शोरूम उभं केलं असतं.

आबांची बायको आधीच गेली होती. एक मुलगी, धुळ्याला दिलेली. घरच्या गोष्टी ते दुकानात बोलत नसत. जावई काय करतो हे मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पण आखाजीला लेक माहेरी यायची, आमच्याकडे सगळ्यांच्याच येतात, आणि त्या दिवशी पत्र्याच्या खोलीतलं पहिलं बटण तिच्या हातून दाबलं जायचं. एकदा मी तो कार्यक्रम पाहिला. ताईंनी डोक्यावर पदर घेतला, बटण दाबलं, मशीनचा दिवा लागला, आणि आबा ओळीकडे पाहून म्हणाले, "चाला रे, आते बठ्ठा मिळीसन उन्हाया काढा." मशीनांना सगळे मिळून उन्हाळा काढा म्हणणं ऐकून मला हसू आलं होतं. ताईंना आलं नव्हतं.

आता धुळ्याचं.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये मला क्लाससाठी बारा मशीनं हवी होती. टायपिंग परीक्षेची मोठी बॅच मिळाली होती. आबांकडे गेल्या उन्हाळ्यातली बारा मशीनं उभी होती, अंगठे मारलेली. मी भाव पाडायला बसलो. आबांनी पेचकस उचलला. मी तिथून उठलो.

क्लासवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी टाकलं होतं की धुळ्यात एकाकडे उन्हाळा काढलेली मशीनं स्वस्त मिळतात. मी गेलो. दुकान झकपक, काचेचं दार, आत एसी. व्यापारी माझ्याहून लहान, गोड बोलणारा. ओळीने मशीनं, प्रत्येकाच्या डाव्या कुशीवर गेरूचा अंगठा.

"आबांचाच माल आहे, सर," तो म्हणाला. "मागच्या वर्षी मी एकरकमी उचलला. पडून आहे म्हणून त्यांच्या भावाच्या खाली देतोय."

मी प्रत्येक मशीन उघडून पाहिलं. धूळ पाहिली, पंखे फिरवले, स्क्रू मोजले, आवाज ऐकला. मग दोन तास घासाघीस केली. दोनदा दुकानाबाहेर जाऊन जळगावहून आणलेल्या रिकाम्या टेम्पोत बसायचं नाटक केलं. शेवटी आबांच्या भावापेक्षा मशीनमागे सहाशे रुपये खाली आणले. येताना पारोळ्याला टेम्पो थांबवून ड्रायव्हरला भजी खाऊ घातली, इतका मी खुश होतो. आबांचाच माल आबांच्या नाकाखालून काढून आणला असं मला वाटत होतं. म्हणजे फसवायला मीही निघालोच होतो. फक्त मला वाटलं होतं की फसणारे आबा असतील.

बारा अंगठ्यांपैकी एकाकडेही मी नीट पाहिलं नाही. अंगठा बघायचा नसतो. तो असला की झालं.

एप्रिल सरता सरता मशीनं मरायला लागली. आधी दोन, मग एका दिवसात चार. पोरी टायपिंग करता करता पडदे काळे व्हायचे. वास यायचा. उघडलं तर आतले कपॅसिटर, करंट सांभाळणारे ते छोटे डबे, डोकं फुगवून बसलेले. ही मशीनं आमचा उन्हाळा पहिल्यांदाच बघत होती, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मला मात्र एकच दिसत होतं. अंगठा आबांचा आहे. म्हणजे म्हातारा खोटे ठसे मारून धुळ्याला माल ढकलतो.

आखाजीच्या तिसऱ्या दिवशी मी तोच टेम्पो केला, बारा मशीनं भरली, आणि आबांच्या दारापुढे रस्त्यावर एकेक करून आपटली. पत्रा फुटल्याचा आवाज होत होता आणि मला बरं वाटत होतं. आबा वरून खाली आले, पंचा डोक्यावर तसाच. मी काय काय बोललो ते सगळं इथे लिहिणार नाही. "ठसे विकून खातोस" म्हणालो. अरेतुरे केलं. "वय झालं म्हणून सोडतो, नाहीतर याच पेचकसाने तुझाच एकेक पार्ट काढला असता" असंही म्हणालो. रिक्षावाले गोळा झाले. मोबाइल वर झाले.

आबा वाकले. एक मशीन त्यांनी उलटं केलं, कुशीवरचा ठसा पाहिला. मग स्वतःचा अंगठा डोळ्यांपुढे धरला. मग मान वळवून मागच्या दाराकडे पाहिलं. दारात ताई उभ्या होत्या, आखाजीला आलेल्या, तोंडाला पदर लावून. आबांनी मूठ मिटली. अंगठा आत घेऊन, लहान मूल मिटतं तशी घट्ट.

"ठसा मन्हाच शे," आबा म्हणाले. "चूक व्हयनी."

मी ती कबुली ऐकली, त्या मुठीकडे पाहिलं आणि मला वाटलं, चोर सापडला.

आबा आत वळले. दुकानातली बारा मशीनं, तीच जी मार्चमध्ये मला महाग वाटली होती, एकेक उचलून त्यांनी स्वतः टेम्पोत ठेवली. मी हात लावला नाही. ड्रायव्हर लावायला गेला तर मी त्याला दटावलं. ताई दारातून हलल्या नाहीत. घरी पोचल्यावर कोणीतरी काढलेला व्हिडिओ मला आला, आणि तो मी स्वतः क्लासवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'उन्हाळा काढलेल्या मशीनची असलियत.' संध्याकाळपर्यंत तो जिल्हाभर फिरला. त्यात आबांचं वाक्य स्पष्ट ऐकू येतं. ठसा मन्हाच शे.

पावसाळ्यात माळा साफ करताना एक मेलेलं मशीन सापडलं. सुट्या भागांसाठी म्हणून मी तेवढं परत आणलं होतं. ते खाली घेतलं आणि चालू मशीनच्या शेजारी टेकवलं. दोन कुशी, दोन ठसे. एकाच्या मधोमध कोरी रेघ. दुसरा गोल, भरीव, गुळगुळीत. कोणाच्याही अंगठ्याचा.

दोन्ही ठसे पुन्हा ताडून पाहिले. मग टेम्पोवाल्याला फोन लावला आणि विचारलं, धुळ्याच्या त्या दुकानाचा मालक कोण आहे.

"तो का?" तो म्हणाला. "तो तर आबांचा जावई ना, भाऊ. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच म्हटलं, घरातलं भांडण आहे, आपण कशाला मध्ये पडा."

दुसऱ्या दिवशी जळगावला गेलो. शटर बंद. रिक्षावाल्यांनी सांगितलं की त्या उन्हाळ्यात वरची मशीनं आबांनी दोनच दिवसांनी बंद केली होती. गिऱ्हाईक यायचं थांबलं. जे आले ते मोबाइलमधला व्हिडिओ दाखवून भाव पाडायचे, आणि आबा पेचकस न उचलता म्हणतील त्या भावाला देऊन टाकायचे. मग लेक येऊन त्यांना धुळ्याला घेऊन गेली.

मी धुळ्याला गेलो. काचेचं दार ढकललं. जावई नव्हता. एसीच्या थंड हवेत, गादीच्या खुर्चीवर, पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेले आबा बसले होते. पुढ्यात पितळेची वाटी, वाटीत गेरू. कोपऱ्यात लॉट येऊन पडला होता, खोक्यांच्या चिकटपट्ट्याही अजून पुरत्या निघालेल्या नव्हत्या. साक्रीकडचा एक माणूस मशीन निवडून उभा होता. त्याने विचारलं, "आबा, उन्हाळा काढलेलं आहे ना?"

आबांनी अंगठा बुडवला आणि ठसा दिला. मधोमध कोरी रेघ. खरा अंगठा.

"बठ्ठा काढेल शेतस," ते म्हणाले. मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही.

माणूस गेल्यावर मी पुढे झालो. हात जोडले. म्हणालो, "आबा, माझ्या मशीनवरचा तो अंगठा तुमचा नव्हता."

"मालूम शे."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता, मला त्याची सवय आहे. "तू बोली राह्यंता, भाऊ," ते म्हणाले. "तुन्हं बोलनंच सरत नव्हतं."

"पण आता हे ठसे? उन्हाळा न बघता?"

"उन्हाया आते कोन देखस?" आबांनी अंगठा पंच्याला पुसला. तोच जुना पंचा, आता मांडीवर घडी करून ठेवलेला. "लोके अंगठा देखतस."

ताई आतून चहा घेऊन आल्या. मला ओळखलं. कप ठेवला, पदर सावरला आणि विचारलं, "तुमची मशीनं चालतात ना, भाऊ?"

"चालतात, ताई. बाराही."

"मग आता अजून काय पाहिजे?"

मी कप तसाच ठेवून उठलो. परत येऊन ग्रुपवर सगळं लिहिलं. व्यापारी खोटा होता, आबा खरे होते, मी चुकलो, व्हिडिओ पुसून टाका. तीन जणांनी अंगठ्याचं चित्र टाकलं. एकाने लिहिलं, 'जाऊ द्या भाऊ, जुनी गोष्ट.' आणखी एकाने विचारलं, धुळ्याचा भाव सध्या काय चाललाय.

जुना कॉम्प्युटर घ्यावा का, पैसे खरंच वाचतात का, असं लोक मला अजून विचारतात, कारण मी हिशेबी माणूस म्हणून प्रसिद्ध आहे. वाचतात. माझे मशीनमागे सहाशे वाचले होते. वर बारा चांगली मशीनं मला फुकट मिळाली. दोन उन्हाळे झाले, एकही बंद पडलेलं नाही. माझ्या क्लासमध्ये पोरी टायपिंग करत असतात, पंखे गुरगुरत असतात आणि मला त्या खोलीत बसवत नाही. तसं मशीन आता जळगावात मिळत नाही, धुळ्यात मिळत नाही, कितीही मोजा. ते तपासणाराच मी संपवला. मशीन मेलं की त्याचे पार्ट तरी काढता येतात.

पण मी एकट्याने संपवला नाही, आणि एकट्याने ते डोक्यावर घेणार नाही. पहिला खोटा अंगठा मी मारला नव्हता. तो जावई आज त्याच खऱ्या अंगठ्याला एसीत बसवून कमावतो आहे आणि लोकांना सांगतो आहे की म्हाताऱ्याला सांभाळतो. त्याने जाब द्यावा. दुकानात नको, ग्रुपवर नको. येत्या आखाजीच्या तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, आबांच्या बंद शटरपुढे त्याने उभं राहावं आणि तो गोल, गुळगुळीत अंगठा कोणाचा होता ते सांगावं. त्याच्या शेजारी मी उभा राहीन आणि माझं मी सांगेन. व्हिडिओ काढायला माणसं असतील. त्या दिवशीही होती.